चिठ्ठी नसलेल्या बरण्या

स्वयंपाकघरातले फडताळ, न्हाणीघरातला कोनाडा, देवघरातले तबक आणि सोनाराच्या बागेसरीशेजारची डबी एवढ्या चार ठिकाणांहून जे पांढरे पदार्थ गोळा करता येतील, त्यांची मोजदाद करू गेल्यास मीठ, साखर, खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, पापडखार, तुरटी, टाकणखार, नवसागर, सोरा, चुना, कापूर अशी डझनभर नावे सहज हाती लागतात. आणि ही सारी मंडळी कुटून, वस्त्रगाळ करून, सारख्याच बरण्यांत चिठ्ठीवाचून भरून ठेवली, तर जन्मभर त्यांच्या सहवासात वावरलेली गृहिणीही त्या ओळीपुढे क्षणभर गोंधळून उभी राहील. शालेय पुस्तकांत यांपैकी बहुतेकांपुढे ‘पांढरा, स्थायुरूप, पाण्यात विद्राव्य’ असे तीन शब्दांचे वर्णन छापलेले असते. ते खोटे नसते, पण ज्या वर्णनाने पोलीसपाटलाला गावातला एकही इसम ओळखता येऊ नये, तशा प्रकारचे ते असते. आणि त्यातला पहिला शब्द तर, बारकाईने पाहू गेल्यास, त्या पदार्थाला लागूच पडत नाही.

मिठाचा स्वच्छ खडा, खडीसाखरेचा खडा आणि तुरटीचा खडा हे तिन्ही उजेडापुढे धरून पाहावेत. ते पांढरे नाहीत. पारदर्शक आहेत, निदान पारदर्शकतेच्या जवळपास आहेत. हेच खडे कुटले की एका खड्याचे लक्षावधी कण होतात, हवेतून कणात आणि कणातून पुन्हा हवेत शिरताना प्रकाशकिरण दर खेपेस थोडा वळतो व थोडा परततो, आणि अशा अगणित पृष्ठभागांवरून सर्व रंगांचा प्रकाश सारख्याच प्रमाणात उधळला गेल्यामुळे डोळ्यांना शुभ्रता भासते. रंगहीन काच कुटली तरी तिचे पीठ पांढरेच होते. मिठाच्या चुऱ्यावर गोडेतेलाचे चार थेंब टाकले असता कणांमधल्या पोकळीतील हवा हटून तिथे तेल शिरते, तेलात व मिठात किरण जवळजवळ सारखाच चालतो, आणि त्या जागेची शुभ्रता तत्काळ मंदावते. म्हणजे ज्याला आपण मिठाचा रंग म्हणतो, तो मिठाचा नव्हे, चुऱ्याचा आहे.

मोरचूद हा खरा रंगाचा धनी, असे यावर कोणी म्हणेल. परंतु त्याचीही मालमत्ता पुरती स्वतःची नाही. मोरचुदाचे निळे स्फटिक लोखंडी पळीत तापवले की त्यांतले पाणी उडून जाते आणि मागे पांढरट भुकटी राहते. तिच्यावर पाण्याचा एक थेंब पडताच निळाई परत येते. प्रयोगशाळेत एखाद्या द्रवात पाण्याचा अंश आहे की नाही याचा तपास करावयाचा असल्यास याच भुकटीची साक्ष काढतात. 

मग पदार्थ ओळखावयाचा कशावरून? रसायनशास्त्राचे उत्तर असे की, तो दुसऱ्या कोणाच्या तरी सहवासात कसा वागतो त्यावरून. पाण्यात, विस्तवावर, आंबटापुढे आणि दमट हवेत ठेवल्यावर त्याची जी वर्तणूक दिसते, तिलाच गुणधर्म हे भारदस्त नाव आहे. मीठ पाण्यात विरघळले व पाणी आटवले की पूर्वीचेच मीठ परत मिळते; असल्या, पदार्थाची मूळ जात न बिघडवणाऱ्या वर्तणुकीला भौतिक गुणधर्म म्हणतात. साखर तापवली असता ती प्रथम वितळते, मग तांबूस होते आणि अखेरीस कोळसा होऊन बसते. त्या कोळशापासून पुन्हा साखर करता येत नाही, आणि जे ज्ञान असे पदार्थाच्या नाशाची किंमत मोजून मिळते, ते रासायनिक गुणधर्माचे ज्ञान होय. ही सीमा कागदावर जितकी ठळक दिसते तितकी व्यवहारात असत नाही. तथापि सामान्य वाचकाचे काम एवढ्या भेदाने भागते.

प्रथम पाणी. खोलीच्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते, आणि तेच पाणी उकळीला आणले तरी मिठाची मजल जेमतेम ३९ ग्रॅमांपर्यंत जाते. साखरेचे औदार्य निराळे आहे: गार पाण्यातच ती २०० ग्रॅमपर्यंत सामावते, आणि उकळत्या पाण्यात त्याच्या दुपटीहून अधिक. तुरटी गार पाण्यात बेताचीच विरघळते, मात्र पाणी तापले की तिचे प्रमाण कित्येक पटींनी वाढते. म्हणून तुरटीचा कढत, दाट द्राव नुसता निवत ठेवला तरी तळाशी अष्टपैलू खडे जमू लागतात. मिठाचा द्राव कितीही निववला तरी असे काही घडत नाही, कारण गरम पाण्याने जे जादा घेतलेच नव्हते ते गार पाण्याने सोडावे कोठून? मीठ हवे असेल तर पाणीच घालवले पाहिजे, आणि कोकणातल्या मिठागरांचा सारा कारभार या एका आकड्यावर उभा आहे. समुद्राच्या पाण्यात सर्व क्षार मिळून शेकडा साडेतीनच्या आसपास असतात. ते पाणी उथळ वाफ्यांत उन्हाने आटत आटत मूळच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत आले की प्रथम जिप्सम खाली बसू लागते. दहाव्या हिश्श्याच्या सुमारास मिठाची पाळी येते. आणि मॅग्नेशियमचे कडवट क्षार मात्र अखेरपर्यंत पाण्याची संगत सोडत नाहीत. ते उरलेले कडू पाणी वेळेवर काढून दिले नाही तर मिठाची प्रत बिघडते, हे ज्ञान मिठागरावर राबणाऱ्या आगरी माणसाला रसायनशास्त्राच्या पुस्तकाकडून घ्यावे लागलेले नाही.

चुना या बाबतीत सर्वांच्या उलट चालतो. १०० ग्रॅम गार पाण्यात तो पाव ग्रॅमसुद्धा विरघळत नाही, आणि पाणी तापवले तर तेवढाही टिकत नाही. चुन्याची स्वच्छ निवळी उकळू लागली की ती किंचित गढूळ होते, हे पाहून ज्याला नवल वाटणार नाही त्याने विरघळण्याविषयी फारसा विचार केलेला नाही असे खुशाल समजावे.

विरघळताना पाणी गरम होते की गार, हाही एक बोलका गुण आहे. नवसागर किंवा सोरा मूठभर घेऊन पाण्यात ढवळला तर भांड्याला हात लावताच गारवा जाणवतो, कारण स्फटिकाची घट्ट बांधणी मोडण्यास जी उष्णता लागते तिचा बराचसा भाग तो पदार्थ पाण्याकडूनच वसूल करतो. अकबराच्या आबदारखान्यात पिण्याचे पाणी गार करण्यासाठी सोरा वापरीत असल्याचे वर्णन अबुल फजलने आईन-इ-अकबरीत केले आहे. बंदुकीच्या दारूत जो पदार्थ आग भडकवतो, त्याच्याकडून बादशहाच्या सुरईला गारवा मिळावा, यात त्या काळच्या चिकित्सक मंडळींना मौज वाटली असेल. कळीच्या चुन्यावर पाणी ओतले असता मात्र तो फुगतो, तडकतो, वाफा सोडतो, आणि ढीग मोठा असेल तर शेजारच्या गवताला आग लावण्याइतका तापतो. तेथे केवळ विरघळणे नसून पाण्याशी रासायनिक संयोग होत असतो. पुन्हा गारव्याकडे वळायचे तर, बर्फात मीठ घालून आइस्क्रीमचे पातेले फिरवणाऱ्यांना ठाऊक असते त्याप्रमाणे, योग्य प्रमाणात घेतलेले हे मिश्रण शून्याखाली सुमारे २१ अंशांपर्यंत उतरते.

पाण्याचा हा व्यवहार भांड्यापुरता मर्यादित नाही. हवेतील बाष्पाशीही तो अखंड चालू असतो. शुद्ध मीठ हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय पाझरत नाही, परंतु त्यात राहून गेलेले मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्क्यांनाच पाणी ओढू लागते. आषाढात कोकणातली हवा या दोन्ही हद्दी ओलांडून राहत असल्याने तिथे शुद्ध मिठाचीही धडगत नसते. देशावरच्या हिवाळ्यात मात्र जे मीठ ओले होते, त्याच्या शुद्धतेविषयी शंका घेण्यास जागा आहे. धुण्याच्या सोड्याची रीत नेमकी विरुद्ध. त्याच्या स्फटिकांच्या घडणीतच पाणी बांधलेले असते, व ते वजनाने शेकडा ६३ भरते. म्हणजे जुन्या मापाने शेरभर स्फटिकी सोडा घेणारा गृहस्थ त्यात दहा छटाक पाणी विकत घेत असतो. कोरड्या हवेत हे पाणी आपोआप निसटू लागते, काचेसारखे दिसणारे खडे पिठूळ होतात, आणि माल खराब झाला अशी वाण्याकडे तक्रार जाते. वस्तुतः पाणी गेल्यामुळे त्या पिठाचा चमचा पूर्वीच्या चमच्याहून अधिक जोरकस झालेला असतो.

स्फटिकात दडलेल्या या पाण्याचा प्रताप पाहावयाचा तर विस्तवाकडे वळले पाहिजे. तुरटीच्या वजनाचा सुमारे ४५ टक्के आणि टाकणखाराच्या वजनाचा सुमारे ४७ टक्के भाग पाण्याचा असतो. तवा तापला की तुरटी प्रथम आपल्याच पाण्यात विरघळल्यासारखी पातळ होते, मग ते पाणी बुडबुडे काढीत उडते, आणि मागे राहते ती पांढरी, हलकी, पोकळ लाही. टाकणखाराचीही अशीच लाही होते, आणि आपल्या वैद्यांच्या व आज्यांच्या बटव्यांत या दोन्ही लाह्यांना पिढ्यान्पिढ्या स्थान आहे. पण सोनार तेथे थांबत नाही. तो फुंकणीने आच वाढवतो. टाकणखाराची लाही खचते, वितळते आणि तिचा काचेसारखा पारदर्शक रस होतो. हा रस धातूंवर चढलेली गंजाची पुटे आपल्यात विरघळवून घेतो, आणि डाक देण्याच्या जागी सोने किंवा चांदी निखळ उघडी पडून सांधा बसतो. प्रयोगशाळेतला विद्यार्थी प्लॅटिनमच्या तारेच्या फाशावर याच रसाचा मणी करतो आणि त्यात अज्ञात क्षाराचा कण मिसळून पुन्हा तापवतो: कोबाल्ट असेल तर मणी गर्द निळा होतो, क्रोमियम असेल तर हिरवा. सोनाराची बागेसरी आणि प्रयोगशाळेतला बर्नर यांत काम एकच चालले आहे, फक्त एकाला सांधा हवा असतो आणि दुसऱ्याला साक्ष.

कल्हईवाल्याच्या नवसागराची गोष्टही याच जातीची. नवसागर तापला की वितळत नाही. त्याचे अमोनिया व हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात, आणि वर गार जागी ते पुन्हा भेटले की त्यांचा पांढरा धूर बनतो. तापलेल्या पितळी पातेल्यावर कल्हईवाला नवसागराची चिमूट टाकतो तेव्हा त्यातला आम्लधर्मी वायू भांड्यावरचा काळा थर खाऊन टाकतो, आणि २३२ अंशांना वितळणारे कथील त्या साफ पृष्ठभागावर कापसाच्या बोळ्याने एका फटकाऱ्यात पसरते. कापूर तर विस्तवाशिवायच उडतो, परंतु त्याचे विघटन होत नाही. डबीच्या झाकणाला आतून चिकटलेले बारीक स्फटिक हे त्या उडालेल्या कापराचेच असतात. मीठ या साऱ्या गदारोळात निर्विकार राहते. आतल्या फटीत अडकलेल्या पाण्यामुळे थोडे तडतडते, एवढेच. ते वितळवण्यास ८०१ अंश लागतात, आणि घरच्या तव्याची तेवढी प्राज्ञा नाही.

खाण्याचा सोडा मात्र तव्यावर गुपचूप जात बदलतो. त्याच्या अंगचा कार्बन डायऑक्साइड व पाणी निघून जाऊन शंभर ग्रॅमांचे त्रेसष्ट ग्रॅम उरतात, आणि ते उरलेले पीठ खाण्याचा सोडा राहिलेले नसते. तो निर्जल धुण्याचा सोडा झालेला असतो. रूपात तिळमात्र फरक पडत नसल्याने हे स्थित्यंतर डोळ्यांना कळत नाही. ते कळते हळदीला. हळदीचा पिवळा रंग आंबट द्रवात तसाच राहतो आणि क्षारधर्मी द्रवात तांबडा होतो. मीठ, साखर, तुरटी, नवसागर यांनी हळदीच्या पाण्याचा रंग बदलत नाही. खाण्याच्या सोड्याने तो जेमतेम झाकोळतो. टाकणखाराने तांबूस, आणि धुण्याच्या सोड्याने वा चुन्याने पक्का लाल होतो. सदऱ्यावरचा आमटीचा डाग साबण लावताच लाल का होतो व भरपूर पाण्यात खळबळला की पुन्हा पिवळा का पडतो, किंवा सोडा जास्त झालेल्या भज्यांवर तांबडे ठिपके का उमटतात, याचा उलगडा येथे होतो. पंढरपूरच्या बाजारात ज्याच्या राशी लागतात ते हळदीचे कुंकूही याच गुणावर तयार होत आले आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या सरोवराचे पाणीही सोड्यामुळे असेच तीव्र क्षारधर्मी आहे, आणि काच व साबण यांना लागणारे द्रव्य त्या बाजूस मिळत असल्याची नोंद आईन-इ-अकबरीत आढळते.

आंबटाची परीक्षा सर्वांना परिचित आहे: लिंबू पिळले की सोडा फसफसतो, मीठ स्वस्थ बसते. परंतु या फसफसण्याचा अर्थ लावण्यास युरोपातील विद्वानांना दीर्घकाळ लागला, आणि तो लावणारा माणूस चुन्याच्या वाटेने तेथे पोचला. चुनखडीचा दगड बोथट आणि निरुपद्रवी, पण भट्टीतून निघालेला कळीचा चुना जिभेला भाजतो. हा दाहकपणा आला कोठून? त्या काळचा समज असा की, भट्टीतले अग्नीचे कण दगडात शिरून बसतात आणि तेच पुढे चटका देतात. एडिंबरोला वैद्यक शिकणाऱ्या जोसेफ ब्लॅकने, मूत्राशयातील खडे विरघळवणाऱ्या औषधाच्या शोधात असताना, या समजाला तराजूपुढे हजर केले. आपला प्रबंध त्याने १७५४ साली सादर केला व १७५६ साली विस्ताराने छापला. दगडात जर काही शिरत असेल तर भट्टीनंतर वजन वाढावयास हवे. वजन तर घटत होते, आणि थोडेथोडके नव्हे. शुद्ध चुनखडीचे १०० भाग भाजले तर ५६ उरतात, हे आजचे गणित आहे. जे ४४ भाग निघून जातात ती एक निराळी हवा आहे, आंबट टाकल्यावर दगडातून फसफसून बाहेर पडते तीच ही, आणि हीच मनुष्याच्या श्वासातून बाहेर येते व चुन्याच्या निवळीत फुंकली असता निवळी दुधाळ करते, हे ब्लॅकने एकापाठोपाठ एक सिद्ध केले. त्याने तिला बद्ध वायू असे नाव दिले; आपण तिला कार्बन डायऑक्साइड म्हणतो. दाहकपणा बाहेरून आलेला नव्हता. त्याला दाबून ठेवणारा जोडीदार निघून गेला होता. माझ्या मते रसायनशास्त्राच्या इतिहासात याच्याइतका नीटस युक्तिवाद क्वचितच सापडेल, कारण त्यात तराजू, भट्टी आणि फुंकर यांखेरीज कशाचीही गरज पडत नाही.

गवंडी हाच व्यवहार उलट्या दिशेने चालवतो. विरलेला चुना व वाळू यांचा गिलावा भिंतीवर वाळतो तेव्हा केवळ पाणी जात नाही. हवेतला तोच वायू सावकाश परत येतो आणि चुन्याची पुन्हा चुनखडी होते. आपल्या कित्येक किल्ल्यांवर चुन्याच्या घाणीचे दगडी चाक व त्याची वर्तुळाकार चर अद्याप पाहावयास मिळते. तिथे मळलेल्या चुन्याने तटाचे जे दगड सांधले गेले, त्यांच्या फटींत हे परत दगड होण्याचे काम बांधणीनंतरही दीर्घकाळ चालले. शाळेतल्या खडूवर मात्र लिंबू पिळून काही घडले नाही तर निराश होऊ नये, कारण आपल्याकडे खडू बहुधा चुनखडीचे नसतात, जिप्समचे असतात.

राहिली जिभेची परीक्षा. ती पुरातन आहे, जलद आहे, आणि अनोळखी बरणीच्या बाबतीत ती कदापि करू नये. कॉस्टिक सोडा हाही पांढराच असतो, व तो जिभेवर ठेवणाऱ्यास निष्कर्ष लिहिण्याची सवड देत नाही. कार्ल शेले या स्वीडनमधल्या औषधविक्रेत्याने आपण शोधलेल्या पदार्थांच्या चवींच्या नोंदी ठेवल्या, त्यांत हायड्रोसायनिक आम्लाचीही चव होती. तो १७८६ साली वयाच्या ४३व्या वर्षी वारला. याच शेलेने १७७४ साली क्लोरीन वायू प्रथम मिळवला, आणि पुढे १७९९ साली ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने तो विरलेल्या चुन्यात मुरवून विरंजक चूर्णाचे पेटंट घेतले.

ग्रामपंचायतीच्या कोठीत टीसीएल पावडर म्हणून जी पिशवी असते ती हीच. ताज्या चूर्णात उपयोगी पडणारा क्लोरीन शेकडा ३३ च्या आसपास असतो, परंतु दमट हवेत तोंड उघडे राहिले तर तो हळूहळू निघून जातो आणि पिशवीत बहुतांशी निरुपयोगी चुना उरतो. रंग पांढराच, वजनही फारसे बदललेले नाही, आणि वासावरून ठरवावे तर नाकही त्याला सरावलेले. संडास साफ करण्याचे आम्ल या चूर्णावर सांडले तर मात्र कोंडलेला क्लोरीन एकदम उसळतो, म्हणून ही दोन्ही एका कोनाड्यात ठेवणे सर्वथा वर्ज्य. हजार लिटर पाण्याला चांगल्या प्रतीची अडीच ग्रॅम पावडर पुरते असे ढोबळ प्रमाण आहे, पण ते ‘चांगल्या प्रतीची’ या दोन शब्दांवर अवलंबून असल्याने विहिरीत नुसती पावडर टाकून भागत नाही. तासाभराने नळीत पाणी घेऊन त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकतात. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन शिल्लक आहे, आणि तसेच राहिले तर पिशवी जुनी झाली असे समजून पावडरीची मात्रा वाढवतात किंवा नवी पिशवी मागवतात.